नवोदय विद्यालय: नववीचे वर्ष आणि प्रवेशाची अट

ग्रामीण मुलांसाठी सरकार चालवत असलेल्या शाळांमध्ये जवाहर नवोदय विद्यालय मला सर्वांत भरवशाचे वाटते. 1985-86 मध्ये झज्जर आणि अमरावती येथे सुरू झालेल्या दोन शाळांपासून ही योजना वाढत गेली. सहावी ते बारावी सीबीएसईचा अभ्यासक्रम असून राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च पालकांवर पडत नाही. नववीपासून दरमहा 600 रुपये विकास निधी घेतला जातो. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील विद्यार्थी यांना तोही माफ आहे.

या शाळेची खरी परीक्षा नववीत होते. आठवीपर्यंत बहुतांशी मातृभाषेतून शिकलेल्या मुलाला नववीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. त्याच वर्षी ‘मायग्रेशन’खाली काही मुले वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातील नवोदयमध्ये जातात आणि तिकडची मुले येथे येऊन मराठी शिकतात. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण वेगळ्या भाषेच्या मुलांबरोबर वर्षभर एकाच वसतिगृहात राहून जे कळते ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही. मात्र माध्यमबदल आणि स्थलांतर एकाच वर्षी लादणे मला अनाठायी वाटते. माध्यम सातवीपासूनच हळूहळू बदलले असते, तर हा भार निम्मा झाला असता.

प्रवेशाची व्यवस्था त्याहून कठोर आहे. पाचवीतील मुलाला निवड चाचणीत दोन तासांत 80 प्रश्न सोडवावे लागतात. त्यांतील निम्मे आकृत्यांवर आधारित बौद्धिक क्षमतेचे असतात, म्हणजे सरावाने बऱ्यापैकी जमणारे. त्यामुळे खासगी शिकवणी परवडणाऱ्या घराला आपसूक फायदा मिळतो. शिवाय सहावीसाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नववीत आणि अकरावीत रिक्त जागांसाठी पुन्हा संधी मिळते, पण त्या जागा मोजक्याच असतात.

किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असल्या, तरी तिसरी, चौथी किंवा पाचवीत एक दिवस जरी शहरी शाळेत काढला असेल, तर तो विद्यार्थी शहरी गटात मोजला जातो. कामासाठी काही महिने शहरात जाणाऱ्या पालकांनी मुलाचे नाव तेथील शाळेत घालण्यापूर्वी हा नियम जरूर पाहावा. पुढे गावातला दाखला आणून हा शहरी गट बदलून घेता येत नाही.