पंढरपूर: पदस्पर्श दर्शनाचा माझा अनुभव

कार्तिकी एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी पदस्पर्शाच्या रांगेत लागले. साडेपाच तास गेले. घाईत असाल तर मुखदर्शनाची रांग वेगळी आहे, ती लवकर सरकते. पण माझं ऐका, वेळ काढा आणि पायांवर डोकं ठेवूनच या. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवा.

रांगेत लागण्याआधी महाद्वाराशी चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवलं. त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केलं, तेव्हा कुठं हे दार सगळ्यांना उघडलं. अट माणसांची होती, विठ्ठलाची कधीच नव्हती.

रांगेत माझ्यापुढं बार्शीकडच्या एक आजी होत्या. म्हणाल्या, "देव कधीचा उभाय, माउली. पलंग काढलाय त्याचा. पाठीला नुसता लोड दिलाय."

यात्रेच्या दिवसांत दर्शन 24 तास सुरू असतं, म्हणून देव निजत नाही. पुढं यात्रा सरल्यावरच्या प्रक्षाळपूजेला त्याला गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. देवाला थकू देणारं हे गाव मला फार जवळचं वाटलं.

माझी आई जाऊन चार महिने झाले होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून 11 महिने अंथरुणाला खिळलेली. रोज रात्री मी तिच्या टाचांना खोबरेल चोळायचे. शेवटी शेवटी चिडायचेही. एकदा तेलाची वाटी आपटली, ती काही बोलली नाही, पाय तेवढा आखडून घेतला. हे घरात कुणाला ठाऊक नाही. ते विठ्ठलाला सांगायचं, म्हणून तर आले होते. वाक्यंसुद्धा ठरवली होती.

पायांशी दोन-चार क्षणच मिळतात, मागं हजारो माणसं असतात. गार, गुळगुळीत पाय, तुळशीचा वास. ठरवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. तोंडून निघालं, "पाय दुखत असतील रे तुझे." आईला रोज हेच विचारायचे मी.

दुसऱ्या दिवशीचं परतीचं तिकीट होतं, ते रद्द केलं. प्रक्षाळपूजा होईपर्यंत थांबले. काढा घेऊन देव निजला, मग सकाळची एसटी धरली.