फोटो आणि मजकूर एकत्र बसवायचाय: वर्ड, लिबरऑफिस की गुगल डॉक्स?

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही घरच्या घरी पुस्तिका काढली, ४० पानं, साठेक फोटो आणि मामा-मावश्यांचे लेख. त्या दोन महिन्यांत तिन्ही प्रोग्रॅम वापरून झाले, म्हणून कुलवृत्तांत, सोसायटीची स्मरणिका, शाळेचा अंक असं काही कुणी करायला घेतलं असेल आणि कशात करू म्हणून अडलं असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी वर्ड, कारण बहुतेकांकडे तेच असतं. त्यात फोटो टाकला की तो ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ असतो, म्हणजे एखादं भलंमोठं अक्षर असावं तसा ओळीतच बसतो. बाजूने मजकूर हवा असेल तर फोटोशेजारी छोटं बटण येतं त्यातून ‘स्क्वेअर’ करायचं. मग वाटतं आता फोटो मोकळा झाला, हवा तिथे ठेवू, पण तसं नसतं, त्याचा नांगर (ॲंकर, जहाजाच्या नांगराचं छोटं चिन्ह) कुठल्यातरी परिच्छेदात अडकलेला असतो आणि फोटोवर क्लिक केलं की तो शेजारी दिसतो. मी पान ६ वर आजोळच्या लेखात दोनच ओळी वाढवल्या आणि आजीचा फोटो पान ७ वरून ८ वर गेला, त्याखालचं नाव मात्र ७ वरच राहिलं! ‘फिक्स पोझिशन ऑन पेज’ करूनही उपयोग नाही, परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटो त्याच्या मागोमाग जातोच. उपाय एवढाच की नांगर धरून योग्य परिच्छेदापाशी ओढायचा, आणि फोटो व खालच्या ओळीचा चौकोन (टेक्स्ट बॉक्स) दोन्ही सिलेक्ट करून ग्रुप करायचं.

मराठीवाल्यांना हमखास नडणारी अजून एक गोष्ट. मंगल फाँटमध्ये ओळींत फार अंतर पडतं म्हणून आपण लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ १८ पॉइंट वगैरे करतो, आणि मग ओळीत टाकलेल्या फोटोची नुसती एक पट्टीच दिसते. फोटो खराब झालेला नसतो, त्या एका ओळीचं स्पेसिंग ‘सिंगल’ केलं की पूर्ण दिसतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

लिबरऑफिस रायटर फुकट आहे आणि फोटोंच्या बाबतीत खरं सांगायचं तर मला वर्डपेक्षा जास्त आवडलं. त्यात ‘ॲंकर टू पेज’ आहे, म्हणजे फोटो पान १२ ला बांधला की मजकूर कितीही पुढेमागे होऊ दे, फोटो १२ वरच. राइट क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ केलं की फोटो आणि खालची ओळ एकाच चौकटीत जातात, त्यामुळे ताटातूट होत नाही. फक्त फाइल ओडीटीमध्येच, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या प्रकारात ठेवा, वर्डच्या फाइलमध्ये पानाला बांधायची सोयच नाही, तिकडे नेऊन परत आणलं की मांडणी हलते.

गुगल डॉक्स मांडणीसाठी नाही, पण लेख गोळा करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मामांना टायपिंग येत नाही, त्यांनी क्रोममध्ये व्हॉइस टायपिंग मराठीवर लावून अख्खं बालपण बोलून टाकलं आणि मावशीने तिच्या फोनवरून त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. पत्रक, दोन पानी अहवाल एवढंच असेल तर डॉक्सचं ‘रॅप टेक्स्ट’ (फोटोभोवती मजकूर) पुरतं. पुस्तिकेला बाइंडिंगच्या बाजूला जास्त समास लागतो, त्यासाठीचं मिरर मार्जिन वर्ड आणि रायटरमध्ये आहे, डॉक्समध्ये नाही.

म्हणून माझं मत असं की लेख डॉक्समध्ये गोळा करा आणि मजकूर पूर्ण फायनल झाल्यावरच फोटो लावायला घ्या. वर्ड येत असेल तर वर्ड, नवीनच शिकायचं असेल किंवा पैसे घालायचे नसतील तर सरळ रायटर. आणि फोटो-मजकूर शेजारी-शेजारी एवढंच हवं असेल तर दोन रकान्यांचं टेबल करून बॉर्डर काढून टाका, ते तिन्हीकडे चालतं आणि काही हलत नाही.

फोटो मात्र व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नुसता फोटो पाठवला की तो बारीक होऊन येतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो सव्वापाच इंचापर्यंतच नीट येणार. वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर टिक करायला विसरू नका.

छापायला नेताना पीडीएफच न्या. आम्ही आधी वर्डची फाइल दिली, तिकडच्या कॉम्प्युटरवर आमचा मुक्ता फाँट नव्हता, ४० ची ४४ पानं झाली. आणि सगळ्या प्रती काढण्याआधी फोटोचं एक पान छापून बघा. आमच्या पहिल्या पानावर आजीचा चेहरा काळपट आला होता, ब्राइटनेस थोडा वाढवून परत काढलं तेव्हा कुठे तिची नथ दिसली.