मेहरूणची ओल आणि 14 हजारांचा डबा

जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला जुनं घर असेल तर हे वाचाच. गळ्यात आयकार्ड अडकवून एक जण 'तलावाकाठच्या घरांची मोफत आर्द्रता तपासणी' म्हणत दारोदार फिरतो. आमच्या आप्पांना त्याने 14 हजारांना गंडवलं.

दोन टोकदार पिनांचा मीटर तो नेमका भिंतीच्या तळाशी, लोणा फुटलेल्या जागी टोचतो. मीटर किंचाळतो, आकडा 90 च्या वर. "घरातल्या हवेत एवढं पाणी आहे, दमा होईल!" अहो, पिनांचा मीटर हवा मोजतच नाही. पिनांमधून वीज किती सहज वाहते ते मोजतो, आणि लोणा म्हणजे क्षार. जरा ओल धरली की वीज वाहणारच.

मग निघतं हवेतली ओल शोषणारं यंत्र. निळा दिवा, छोटा पंखा, आत गार होणारी चकती. दिवसभर चालवून जेमतेम कपभर पाणी. रोज दहा-दहा लिटर ओढणाऱ्या यंत्रात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो, ते उचलायलाही जड. हे आप्पांची नात एका हातात घेऊन नाचत होती.

सोबत आर्द्रतामापक 'भेट'. त्यावर कायम 49 टक्के, म्हणून आप्पा खूश. पण श्रावणात बाहेर झड लागलेली, गोधड्यांना कुबट वास, आणि आत 49? मी साधा मापक आणला. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलसर मिठाची वाटी, शेजारी दोन्ही मापक. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा काही तासांत 75 टक्क्यांवर स्थिरावते. माझा 74 वर गेला, भेटीचा 49 वरच. चहाच्या वाफेवर धरला तरी 49!

"पैसा गयात भो, ओल तशीच शे," आप्पा म्हणाले.

खरं दुखणं वेगळंच. माती-विटांच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर, त्यामुळे जमिनीतून चढणारी ओल आतच कोंडते. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली. (पावसाळ्यातही पाणी भरून कूलर चालवणाऱ्यांनी यंत्र शोधूच नये, कूलरच हवेत ओल सोडतो.)

पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. हा माणूस आता भुसावळकडे, हतनूर धरणालगतच्या गावांत दिसल्याचं कळलं. आलाच तर मीटर छातीच्या उंचीवर, लोणा नसलेल्या जागी टोचायला सांगा.