तिबोटी खंड्या: जूनमध्ये जावं की ऑगस्टमध्ये?
भाचीला तिबोटी खंड्या, म्हणजे इवलासा रंगीत किंगफिशर, बघायचाय, पण रजा एकदाच मिळणार. पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य नक्की, महिना ठरेना.

दिसण्याच्या बाबतीत ऑगस्ट सरस. हा पक्षी कोकणात पावसासोबत येतो. जूनमध्ये ओढ्याकाठच्या दरडीत बीळ खणणं चालू असतं, आणि जेमतेम 13 सेंटिमीटरचा जीव झाडीतून असा सुसाट जातो की बारीक शीळ तेवढी ऐकू येते. पिल्लं झाली की मात्र आई-बाप दोघंही दिवसभर खेपा घालतात. चोचीत कधी खेकडा, कधी सापसुरळी. तिला फांदीवर आपटून आपटून ढिली करतात, तरी शेपूट लोंबतंच! जूनमध्ये हे कुठलं दिसायला?

पाऊस, चिखल, डास दोन्हीकडे सारखेच.

पक्ष्याच्या दृष्टीने ऑगस्ट नाजूक. बिळासमोर ठाण मांडलं तर खेपा थांबतात, पिल्लं उपाशी राहतात. कॅमेरेवाल्यांची गर्दीही तेव्हाच असते, मला ती नकोशी होते.

दुर्बीण असेल आणि लांब बसायची तयारी असेल, तर ऑगस्ट. शांत जंगल हवं, पक्षी ओझरता दिसला तरी चालेल, तर जून. भाचीला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, तिला जूनच बरा.