जुन्या आउटबोर्डसाठी कोणतं पेट्रोल, कोणतं अ‍ॅडिटिव्ह?

कार्ब्युरेटरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो: इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तेच घ्या.

गाडीला चालतं ते बोटीला का नको? गाडीची टाकी आठ-पंधरा दिवसांत संपते. बोट महिनोन्‌महिने दमट हवेत उभी असते, आणि इथेनॉल त्या हवेतलं पाणी ओढून घेतं. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, म्हणजे २० लिटरच्या टाकीत जेमतेम १०० मिली. त्यापुढे, आणि गारठा असेल तर त्याआधीच, इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. पेट्रोल खेचणारी नळीही तळाशीच असते! शिवाय टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरातच राहतं. खालचा थर इंजिनात गेला तर ते बहुतेक बंदच पडतं. तसंच रेटून चालवलं तर सिलिंडर कोरडा पडून पिस्टन जाम होण्याची भीती.

जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात, आतून त्यांचे तुकडे सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्याआधीची फायबरग्लासची टाकी असेल तर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तिच्या जवळही नेऊ नका, आतलं रेझिन विरघळतं.

इथेनॉलवालं पेट्रोलच तेवढं मिळत असेल तर? नळ्या बदला, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा आणि दोन आठवड्यांत संपेल एवढंच भरा.

आता अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये वरून घालायची रसायनं. पैसे घालावेत असं एकच, पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारा स्टॅबिलायझर. तो ताज्या पेट्रोलमध्येच घालायचा आणि नंतर दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. जुनं झालेलं किंवा थर पडलेलं पेट्रोल त्याने सुधारत नाही. ‘पाणी काढणाऱ्या’ बाटल्यांत बहुधा अल्कोहोलच असतं. इथेनॉलवर आणखी अल्कोहोल कशाला? ऑक्टेन बूस्टर नको, मॅन्युअलमधलं ऑक्टेन पुरेसं आहे. शिशाचा पर्याय म्हणून विकतात ते फक्त मऊ व्हॉल्व्ह सीटच्या जुन्या फोर-स्ट्रोकसाठी.

ऑइलच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच हवं, मोटरसायकलचं नाही. पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर २० लिटरमागे ४०० मिली, २५:१ ला ८०० मिली. प्रमाण मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा.

उभ्या बोटीचं इंजिन सुरू करण्याआधी टाकीच्या तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा, आगीपासून लांब, आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळी रेघ दिसली तर सगळी टाकी उपसा.