बिडाची कढई: भोपळ्यासाठी घ्या, टोमॅटोसाठी नको

वर्षभर ही २८ सेंटीमीटरची बिडाची कढई वापरतेय, पण तिचा खरा कस लागला तो शरदाच्या तोंडावर. त्या दोन-तीन आठवड्यांत मळ्यात उन्हाळी पिकांचा शेवटचा तोडा आणि भोपळ्यांचा पहिला तोडा एकदमच येतो.

आधी भोपळा, कारण त्याच्यासाठीच ही कढई घेतली. देठ राखून कापलेला, दहा-बारा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवलेला, नख रुतणार नाही इतकी साल कडक झालेला. कढई मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तापू द्यायची. बिडात उष्णता सावकाश पसरते. घाईने आच वाढवली तर मधोमध करपतं आणि कडा गारच राहतात. पण एकदा तापली की ती हटत नाही. पातळ भांड्यात फोडी टाकल्या की भांडं निवतं, पाणी सुटतं आणि फोडी भाजायच्या त्या उकडतात. हिच्यात चर्र आवाज शेवटपर्यंत टिकतो. पहिली पाच मिनिटं उलथनं लावायचंच नाही. फोड आपणहून बूड सोडते, आणि उलटल्यावर खाली तांबूस, खरपूस पापुद्रा दिसतो. आतला गर मात्र लोण्यासारखा. भोपळा इतका गोड असतो हे मला या कढईने दाखवलं.

टोमॅटोचं मात्र वाईट वाटलं. रात्री गार पडू लागल्या की लाली धरलेले टोमॅटो मी खुडून घरातच पिकवते. त्यांचा रस दोन तास हिच्यात आटवला. रसाला लोखंडाची चव आली आणि महिनोन्‌महिने मुरलेला तेलाचा काळा थर आंबटपणाने निघून गेला. सोबतच्या माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही, आणि ही माझी मोठी तक्रार आहे. घासून, पूर्ण कोरडी करून, तेलाचा हात फिरवून जवळजवळ सगळं पुसून टाकलं आणि ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर ठेवली. असं तीनदा केल्यावर ती पुन्हा रापली. आता रस स्टीलच्या पातेल्यातच आटवते.

वांगी आणि भेंडी हिच्यात काळपट होतात. चवीत फरक नाही, मला चालतं.

कान फार आखूड आहेत. कढई भरलेली असली की जाड फडकं धरून बोटं जेमतेम बसतात. मनगट दुखत असेल तर लहान माप घ्या. झाकण सोबत येत नाही, पण भोपळा शेवटची पाच मिनिटं झाकावाच लागतो. मी वर स्टीलचं ताट उपडं घालते, ते नेमकं बसतं.