ईसीईआरएसची तिसरी आवृत्ती: वर्ग दिसतो, शिक्षिका निम्मीच दिसते

तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गाची गुणवत्ता मोजायची म्हटलं की ईसीईआरएसचं, म्हणजे ‘अर्ली चाइल्डहूड एन्व्हायर्नमेंट रेटिंग स्केल’चं नाव हमखास निघतं. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांची ही मापनश्रेणी १९८० ची. १९९८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि २०१५ मध्ये तिसरी. शिक्षिकांच्या कामाचा दर्जा जोखायला म्हणून ती आणणाऱ्यांसाठी हे परीक्षण.

६ विभाग, ३५ बाबी, प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण. १ म्हणजे अपुरं, ३ किमान, ५ चांगलं, ७ उत्कृष्ट. निरीक्षण ३ तासांचं. जुन्या आवृत्तीत जे दिसलं नाही ते शिक्षिकेला विचारून भरता यायचं. आता डोळ्यांसमोर घडलं तेवढंच धरायचं. हे उत्तमच झालं, कारण विचारलं की माणूस काय करायला हवं ते सांगतो, काय होतं ते नाही. साहित्य मोजत बसण्यावरचा भरही कमी झाला. ठोकळे फळीवर आहेत एवढ्याने आता भागत नाही. मुलांशेजारी बसून मनोरा कशाने पडला यावर कुणी बोललं का, हे बघावं लागतं. गणिताला तर ३ स्वतंत्र बाबी मिळाल्या: साहित्य, रोजच्या व्यवहारातलं गणित आणि लिहिलेल्या अंकांची समज.

नवखे अडखळतात ते गुणांकनात. प्रत्येक बाबीत १, ३, ५ आणि ७ या गुणांखाली निर्देशक, म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’ भरायची विधानं असतात. १ खाली लिहिलेले निर्देशक उणिवा सांगणारे असतात, म्हणून तिथलं ‘होय’ वाईट. असं एक जरी ‘होय’ आलं तरी ती बाब १ वरच अडकते, पुढचं सगळं कितीही छान असो. तिथले सगळे ‘नाही’ आणि ३ चे किमान निम्मे ‘होय’ असतील तर २; ३ चे सगळे ‘होय’ तर ३. वरच्या पायऱ्यांनाही हाच हिशेब. त्यामुळे दोन वर्गांना एकाच बाबीत २ मिळाले तरी एकात हात धुणं राहून गेलेलं असू शकतं आणि दुसऱ्यात सगळंच जेमतेम. नुसती सरासरी हातात आली तर हा फरक कळायचा नाही. म्हणून गुण ठरला तरी न थांबता ७ पर्यंतचे सगळे निर्देशक भरावेत. वेळ वाचवायला मध्येच थांबणारे निरीक्षक शिक्षिकेला पुढे जिथून धरून शिकवता आलं असतं, नेमकी तीच माहिती टाकून देतात. आणि दोन निरीक्षकांचे गुण बहुतेक बाबींत १ च्या फरकात जुळेपर्यंत सराव करावा, तोवर खरं गुणांकन सुरू करू नये.

खरी तक्रार वेगळीच आहे. सुधारित आवृत्तीत ७ विभाग आणि ४३ बाबी होत्या, त्यातला शेवटचा विभाग पालक आणि कर्मचाऱ्यांचा. शिक्षिकेला विश्रांती मिळते का, तिच्या कामावर देखरेख आणि मूल्यमापन कसं होतं, पुढे शिकायची संधी आहे का, हे तिथे विचारलं जायचं. तिसऱ्या आवृत्तीत तो विभागच नाही. गुण फक्त निरीक्षणावर द्यायचे म्हटल्यावर तो टिकणं अवघडच होतं, हे मान्य. पण परिणाम असा, की बदली माणूस नसल्याने सकाळभर एकदाही न बसलेली शिक्षिका मुलांशी तुटक बोलली, तर कमी गुण पडतो तिच्या वर्गाला. तिचं वेळापत्रक लावणाऱ्याचा कागद कोराच राहतो.

ती बाजू बघायची तर सोबत ‘प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेशन स्केल’ ही व्यवस्थापन मोजणारी श्रेणी वापरावी. पगार, इतर लाभ, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या अशा बाबी तिच्यात आहेत. फक्त शिक्षिका आणि मुलांतला संवाद तपासायचा असेल तर ‘क्लास’ (क्लासरूम असेसमेंट स्कोअरिंग सिस्टिम) ही पद्धत जास्त नेमकी: २० मिनिटं निरीक्षण, १० मिनिटं गुणांकन, अशा साधारण ४ फेऱ्या. फर्निचरकडे ती बघतच नाही.

पगारवाढ ठरवायला ईसीईआरएस घेणाऱ्यांनी ती घेऊ नये. मार्गदर्शनासाठी घेणाऱ्यांनी खुशाल घ्यावी, मात्र निकाल त्याच आठवड्यात शिक्षिकेसमोर ठेवावा, तोही सरासरीचा आकडा न सांगता: हुकलेले दोन-तीन निर्देशक, आणि त्यांतला कोणता तिच्या हातात आहे नि कोणता व्यवस्थापनाच्या, ते शेजारी लिहून.